घरातलं एकच माणूस

दिवा (पूर्व)
६ मे २०२५

आदरणीय बाई,

सादर नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. कानाचं यंत्र लावलं की भांड्यांचा आवाज येतो आणि माणसांचा येत नाही, म्हणून तुम्ही ते कपाटात ठेवून दिलंत, हे वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. पण त्यामुळे आपली पत्रं चालू राहतील, असा स्वार्थी विचारही मनात आला. माझा धाकटा भाऊ विकी म्हणतो, "ताई, जगात व्हॉट्सअ‍ॅप आहे. तू एकटी पोस्टमनचं घर चालवतेस."

आज मात्र कामासाठी लिहिते आहे. उद्या भोंगे वाजवून हवाई हल्ल्याचा सराव होणार आहे म्हणे. आमच्या इमारतीत गेले काही दिवस दुसरा विषयच नाही. सगळ्यांच्या फोनवर एक नकाशा फिरतो आहे. मुंबईवर अणुबॉम्ब पडला तर कुठवर काय होईल, त्याची वर्तुळं. लाल वर्तुळ मुलुंडला संपतं. दिवा नारिंगीत येतो. आईने चष्मा लावून तो नकाशा बघितला आणि विचारलं, "कल्पू, नारिंगी म्हंजे मरतान का जगतान?"

वरच्या मजल्यावरच्या आमच्या भाडेकरू दीप्तीने मुलांना चिपळूणला आईकडे धाडून दिलं. माझ्या क्लासची मुलं विचारतात, टीचर, बॉम्ब पडणार असेल तर सुट्टीतला अभ्यास करायचा की नको? बाई, मी या घरातली पहिली पदवीधर. लोक माझ्याकडे उत्तर मागायला येतात, आणि माझ्याजवळ आहे बीएचा इतिहास. विज्ञान तुम्ही शाळेत शिकवलंत तेवढंच.

म्हणून ठरवलं आहे की अठरा तारखेला, रविवारी, देवळाच्या सभागृहात सगळ्यांना बोलवायचं आणि खरी माहिती द्यायची. अफवा मारायची असेल तर माहितीनेच मारली पाहिजे, नाही का? असं काही झालंच तर माणसाने घरात काय करावं, बाहेर काय करावं, कुठलं औषध असतं का, हे मला सोप्या भाषेत लिहून पाठवा. मी बोलणार आहे.

बाबा बरे आहेत. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी मीठ तोडल्यापासून आई त्यांना आळणी भाजी वाढते आणि रोज तेच भांडण होतं. काल ताट सरकवून म्हणाले, "आगरात जल्म गेला माझा. गुडघाभर खाऱ्या पान्यात उभा राहून तुमाला पोसला. आनि मनाच मीठ बंद!" आमचं मिठागर जाऊन तिथे टॉवर उभे राहिले, पण शेवटच्या राशीतलं मीठ बाबांनी एका मोठ्या बरणीत भरून ठेवलं आहे. ते खायचं नाही. फक्त कुणाची दृष्ट काढायची असली की त्यातलं चिमूटभर. आई म्हणते, या बरणीवर त्यांचा आमच्यापेक्षा जास्त जीव आहे.

वाट बघते.

तुमची,
कल्पिता


वर्तकनगर, ठाणे
११ मे २०२५

चि. कल्पिता,

अनेक आशीर्वाद.

बुधवारी भोंगा वाजला म्हणे. मी खिडकीशी बसले होते. समोरच्या झाडावरचे कावळे एकदम उठले आणि गोल गोल फिरू लागले, एवढंच मला दिसलं. खाली माणसं मान वर करून उभी होती. बराच वेळ मला कळेना की काय झालं आहे. मग अपूर्व ऑफिसातून आला आणि त्याने कागदावर लिहून सांगितलं.

काल संध्याकाळी सगळं थांबलं, असं टीव्हीवर दाखवलं. अपूर्व म्हणतो, आई, संपलं, आता ते कागद काढ. तुला सांगायला लाज वाटते, पण मी खिडक्यांच्या काचांवर खाकी कागद चिकटवले आहेत. एकाहत्तर साली डोंबिवलीला माझ्या वडिलांनी चिकटवले होते, तसेच. तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि मला ती गंमत वाटली होती. आता वाटत नाही. कागद काढायला हात उठत नाही.

आता तुझे प्रश्न. बॉम्ब जिथे पडतो तिथल्या माणसांसाठी सल्ला नसतो, हे प्रामाणिकपणे सांग. लांबच्यांनी उजेडाकडे पाहू नये. घरात, मधल्या खोलीत, खिडकीपासून दूर बसावं. नंतर जी धूळ खाली येते ती खरी वैरीण. निदान एक-दोन दिवस बाहेर पडू नये, पाणी आधी भरून झाकून ठेवावं. अगदीच बाहेर जावं लागलं, तर सगळ्यांनी न जाता घरातल्या एकाच माणसाने जावं, तोंडा-नाकाला कापड बांधून, आणि परत आल्यावर कपडे दाराबाहेर काढावेत.

औषधाचं विचारलंस. आयोडीनच्या गोळ्या असतात. गळ्यातली थायरॉइड नावाची ग्रंथी आयोडीन शोषून घेते. आधीच चांगल्या आयोडीनने ती भरलेली असली, तर किरणोत्सारी आयोडीनला तिच्यात जागा उरत नाही. पण गोळी त्या एका ग्रंथीपुरती आणि सरकारने सांगितल्यावरच घ्यायची. हे लोकांना सांगितलं नाहीस तरी चालेल. तू विचारलंस म्हणून लिहिलं. अर्धं उत्तर देण्याची मला सवय नाही.

एक मात्र सांगते, कल्पिता. घाबरलेल्या वर्गाला मी नवा धडा कधी शिकवत नसे. आधी मुलांना डबे खाऊ द्यायची. तुझ्या सभेत थोडं कमी बोललीस तरी कुणाचं काही अडणार नाही.

तुझ्या,
सुमतीबाई


दिवा (पूर्व)
१९ मे २०२५

आदरणीय बाई,

काल सभा झाली! सभागृह भरलं होतं. युद्ध थांबलं तरी लोक आले, कारण थांबलं यावर कुणाचा विश्वासच नाही. मी फळ्यावर माणसाचा गळा काढला आणि त्यात थायरॉइड दाखवली. तुम्ही म्हणाला होतात की ते सांगितलं नाही तरी चालेल, पण मला वाटलं, लोकांना अर्धंच सांगणारे आपण कोण? सगळं सांगितलं.

विकी मागे मित्रांना घेऊन बसला होता. मी "खिडकीपासून दूर बसा" म्हटल्यावर ओरडला, "ताई, आपल्या घरात खिडकीपासून दूर म्हणजे थेट संडास!" सगळे हसले. मीही हसले. भीती थोडी सैल झाल्यासारखी वाटली.

मग आई उभी राहिली. बाई, माझी आई चारचौघांत कधी तोंड उघडत नाही. म्हणाली, "ते दोन दिवस घरात बसाचा समजला. पन पानी कोन आननार? पोपटचा टँकर काय जिना चरून वर येनार हाय?" पुन्हा हशा. पोपट म्हणजे आमच्या गल्लीचा टँकरवाला, तोही तिथेच बसला होता, त्याने हात जोडले. इथे पाणी मुळात एक दिवसाआड येतं, भरून ठेवायचं म्हटलं तरी किती ठेवणार? मी सांगितलं, "मावश्यांनो, पाण्याला सगळ्यांनी जायचं नाही. घरातलं एकच माणूस जाईल. कोण जाणार, ते आधी ठरवून ठेवा."

या वेळी मात्र कुणी हसलं नाही. बायका आपापल्या माणसांकडे बघायला लागल्या.

बाबा पहिल्या रांगेत होते. पांढरा शर्ट इस्त्री करून आले होते. मी बोलताना त्यांचे ओठ हलत होते, जणू पाठ करत होते. आज सकाळी मला अंगणात बोलावून विचारलं, "तुज्या बाईंना इचार. आपल्या आगराच्या मिठात ते आयोडीन हाय का?"

मला हसू आवरेना. म्हटलं, बाबा, तुम्हाला काहीही झालं तरी मीठच आठवतं. पण त्यांना उत्तर हवंच आहे, म्हणून तुम्हाला विचारते.

दीप्ती मात्र मुलांना अजून आणायला तयार नाही. सभेनंतर ती जास्तच गप्प झाली आहे. तिला मी पुन्हा एकदा नीट समजावून सांगणार आहे.

तुमची,
कल्पिता


वर्तकनगर, ठाणे
२३ मे २०२५

चि. कल्पिता,

आशीर्वाद. सभा भरली, वाचून बरं वाटलं. दीप्तीला पुन्हा समजावू नकोस. तिच्याजवळ नुसती बस.

तुझ्या वडिलांचा प्रश्न मला फार आवडला. शाळेत तीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही मुलाने विचारला नाही. त्यांना सांग: समुद्राच्या पाण्यात आयोडीन असतं, पण पाणी आटून मीठ होईपर्यंत त्यातलं फारच थोडं उरतं. म्हणून आगराच्या मिठात ते असतं, पण नावाला. दुकानातल्या पिशवीतल्या मिठात ते वरून मिसळलेलं असतं. त्यांना म्हणावं, प्रश्न पहिल्या बाकावरच्या विद्यार्थ्याचा आहे.

इकडे सगळं ठीक. कागद अजून काचांवर आहेत. दुपारी खोलीत खाकी उजेड पडतो. अपूर्वने त्यावरून बोलणं सोडून दिलं आहे, हे मला जास्त लागतं.

तुझ्या,
सुमतीबाई


दिवा (पूर्व)
२ जून २०२५

आदरणीय बाई,

तुमचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. "पहिल्या बाकावरचा विद्यार्थी" ऐकून त्यांनी मान खाली घातली. ते चौथीनंतर शाळेत गेले नाहीत. मग म्हणाले, "थोडा म्हंजे हाय ना? मंग झाला. थोडा असंल तर थोडा जास्ती लागंल." आणि समाधानाने उठून गेले.

बाई, बाबांमध्ये मोठा बदल झाला आहे आणि मला वाटतं, तो माझ्या सभेचा आहे. आधी ते दिवसभर बातम्या लावून बसायचे आणि कुणी बोललं की ओरडायचे. आता टीव्ही बंद. पहाटे सगळ्यांच्या आधी उठतात, माठ घासतात, भरतात. आयुष्यात त्यांनी कधी माठाला हात लावला नव्हता. आई म्हणते, "यांना काय झाला?" आळणी भाजीवरूनही भांडत नाहीत. एवढ्या सगळ्या लोकांतून निदान एकाची तरी भीती मी घालवली, याचा मला किती आनंद आहे, कसं सांगू?

उकाड्याने त्यांचे पाय मात्र सुजले आहेत. चप्पल चढत नाही. तहानही फार लागते. डॉक्टरकडे चला म्हटलं तर "पाऊस नीट लागला की उतरंल" म्हणतात.

आता माझी नवी लढाई. गेले काही दिवस आमचं प्यायचं पाणी खारट लागतं. आधी मला वाटलं, माझ्याच तोंडाला चव नाही. पण विकीने परवा घोट घेतला आणि थुंकला, "ये क्या, खाडी प्यायला लावता का?" पोपटला विचारलं तर म्हणतो, "ताई, बोअर तोच, पाईप तोच. माझ्या पान्याला नाव ठेवू नको." पण बोअर खाडीच्या बाजूला आहे, खारं पाणी शिरत असणार. आपण घाबरून बसतो आकाशातून पडणाऱ्या गोष्टीला, आणि पायाखालचं पाणी बिघडतं ते कुणी बघत नाही!

मी प्रभाग कार्यालयात अर्ज दिला आहे. माझा पहिला अर्ज. सह्या गोळा करताना दीप्ती म्हणाली, "मला तर नाही लागत खारट." मी म्हटलं, तुला सवय झाली आहे. तिने सही केली. बाबांना सही करायला सांगितली तर कागद हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पोपट गरीब हाय गं." मी सांगितलं, बाबा, हा पोपटचा प्रश्न नाही, हक्काचा प्रश्न आहे. तेव्हा त्यांनी सही केली. सहीखाली पूर्ण नावही लिहिलं, काळुराम पदू मढवी, एकेक अक्षर कोरून.

तुमची,
कल्पिता


वर्तकनगर, ठाणे
६ जून २०२५

कल्पिता,

तुझं पत्र आत्ता, दुपारी मिळालं. पाणी टँकरचं खारट नाही. बरणी उघडून बघ.

तुझे वडील माठात आगराचं मीठ घालत आहेत. तुम्हा सगळ्यांना बॉम्बपासून वाचवायला. आणि मी त्यांना लिहिलं की आयोडीन "नावाला" असतं, म्हणून ते स्वतः जास्त घेत असणार. पाय सुजले, तहान लागते, हे सगळं त्याचंच. त्यांना ताबडतोब डॉक्टरकडे ने. उद्यावर टाकू नको.

त्यांनी का विचारलं, हे मला कळायला हवं होतं. मी फक्त प्रश्नाचं उत्तर दिलं.

अपूर्व कामासाठी बंगळुरूला आहे. शेजारच्यांचं दार बंद आहे. तू शाळेत असताना माझ्या वहीत लिहून दिलेला घरचा नंबर सापडला, त्यावर मी आत्ता फोन केला. पडद्यावर सेकंद पळताना दिसले, म्हणजे कुणीतरी उचलला. मी मोठ्याने सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं: मीठ बंद करा, घरच्यांना देऊ नका, डॉक्टरकडे जा. पलीकडे कोण होतं, काय बोललं, मला माहीत नाही. फोन ठेवला गेला. पुन्हा लावला तर कुणी उचलला नाही.

हे पत्र स्वतः जाऊन पोस्टात टाकते आहे.

सुमतीबाई


दिवा (पूर्व)
९ जून २०२५

आदरणीय बाई,

तुमच्या पत्राची वाट न बघता लिहिते आहे, कारण बातमीच तशी आहे. अर्जाला यश आलं!

शनिवारपासून पाणी गोड लागतं. मी आधी कुणाला बोलले नाही, म्हटलं, भास असेल. पण आईनेही सांगितलं, "आज पानी कसा गोड हाय." पोपटचा टँकर आमच्या गल्लीत यायचा बंद झाला आणि दुसरा येतो. मी कागदावर चार ओळी लिहिल्या आणि माणसांच्या तोंडचं पाणी बदललं, बाई! शिक्षणाचा याहून मोठा अर्थ काय असतो?

बाबांनी तर कमाल केली. सुजल्या पायांनी स्टेशनजवळ जाऊन पेढे आणले आणि इमारतीत प्रत्येक दारात नेऊन दिले. म्हणत होते, "माझ्या पोरीनं अर्ज केला नि पानी गोड झाला." दीप्ती पेढा घेताना हसली. तिने मुलांना परत आणलं आहे.

त्यांची तब्येत मात्र मला बरी दिसत नाही. दम लागतो. बुधवारी, ते नाही म्हणाले तरी, डॉक्टरकडे नेणार आहे. शुक्रवारी त्यांना कुणाचा तरी फोन आला होता. भिंतीला टेकून बराच वेळ नुसते ऐकत उभे होते. कोण होतं विचारलं, तर म्हणाले, "फोनच्या कंपनीवाली बाई. त्या बोलतच रातात." मग बरणी उचलून कुठेतरी आत ठेवली. म्हातारपण येतं ते असंच येत असेल का?

तुमच्या खिडक्यांवरचे कागद आता काढा, बाई. माझ्यासाठी.

तुमची,
कल्पिता


वर्तकनगर, ठाणे
१४ जून २०२५

कल्पिता,

तुझं नऊ तारखेचं पत्र मिळालं. माझं सहाचं तुला मिळालं का? फोन तुझ्या वडिलांनीच ऐकला. पाणी अर्जाने गोड झालेलं नाही. त्यांनी तुमचं मीठ थांबवलं. स्वतःचं थांबवलं का, ते बघ.

अपूर्व परत आला आहे. त्याने त्या नंबरवर फोन केला, बंद येतो म्हणतो. खाली त्याचा नंबर लिहिते आहे. एका शब्दाचा निरोप कर.

सुमतीबाई


दिवा (पूर्व)
२९ जून २०२५

बाई,

बाबा गेले. तुम्ही चौदा तारखेचं पत्र लिहिलंत, त्याच दिवशी.

दहा तारखेला सकाळी ते माठ भरता भरता पडले. आईला वाटलं पाय घसरला. उचलायला गेलो तर उजवं अंग हलत नव्हतं. त्यांच्या हातात पेला होता, तो मी उचलला, आणि का कोण जाणे, त्याला जीभ लावली. पाणी कुठलं, तो मिठाचा लगदाच होता. मला तेव्हा सगळं कळलं. तुमचं पत्र अकराला दाराच्या जाळीत अडकवलेलं मिळालं. मी आईसाठी धुतलेली साडी न्यायला दवाखान्यातून घरी आले होते. जिन्यातच उभी राहून वाचलं. बुधवारच होता तो. मी त्यांना डॉक्टरकडे नेणार होते, तो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, मीठ किती खातात? आई हात जोडून म्हणाली, "दोन वर्सं आळनी वाढते हो मी. देवाची आन." ती पुन्हा पुन्हा तेच सांगत होती. तिला वाटत होतं, डॉक्टर तिच्यावर आळ घेताहेत.

बाबांना अर्ध्या तोंडाने बोलता येत होतं. मी कान जवळ नेला आणि विचारलं, बाबा, बाईंनी फोन करून सांगितलं होतं ना? का ऐकलं नाहीत? ते म्हणाले, "ऐकला. तुमचा बंद केला. बाई लय मोठ्यानं बोलतान." आणि हसायचा प्रयत्न केला. मी विचारलं, मग स्वतःचं का नाही केलं? तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काही विसरले आहे. म्हणाले, "एकच मानूस भायेर जानार ना? तूच बोल्लीस. विकी पोर हाय, तुमी बायका. मंग मीच जानार. जो जानार तो तयार नको?"

थोड्या वेळाने म्हणाले, "मना काय होतंय? मी आगरातला." त्यानंतर त्यांनी पाणी मागितलं. ते द्यायला डॉक्टरांनी मनाई केली होती. मी बोटाने ओठ ओले केले.

बाई, तुमच्यावर माझा राग नाही, असं लिहायला बसले होते. पण ते खोटं होईल. थोडा आहे. "नावाला असतं" याच्यापुढे एक वाक्य तुम्ही लिहायला हवं होतं. आणि तुम्ही थोडं कमी बोल म्हणाला होतात, तिथे मी बोलत राहिले. माझ्यावर जास्त आहे. मी फळ्यावर गळा काढला, लोकांना प्रश्न विचारायला लावले, आणि माझ्याच घरातल्या माणसाने विचारलेला प्रश्न मला ऐकू आला नाही. तुमचे कान गेलेले आहेत. माझ्या कानांना काय झालं होतं?

मधल्या दिवसांत टीव्हीवर दुसऱ्याच देशांचं युद्ध आलं. पुन्हा अणू, पुन्हा नकाशे, पुन्हा तीच वर्तुळं. दहावं-तेरावं झाल्यावर दीप्ती आणि खालच्या दोघी-तिघी दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं भेटायला आल्या. दीप्ती खाली बघत म्हणाली, "कल्पिता, पुन्हा एकदा सांगशील का गं, काय करायचं ते?" मी तिला आत बसवलं. चहा केला. तुम्ही सांगितलं होतंत तशी मी नुसती बसले. खूप उशिरा.

आणखी एक सांगायचं आहे. पोपट बाराव्याला आला होता. बाहेरच उभा होता. मी त्याच्यापुढे जाऊन म्हटलं, पोपटदादा, पाणी तुझं खारट नव्हतं. माझी चूक झाली. माझ्या अर्जामुळे तुझी गल्ली गेली.

तो म्हणाला, "मना ठाव होता."

मी म्हटलं, कसं?

"काकाच आला होता माझ्याकडे. तुमचा पानी गोड झाला, त्याच्या आदल्या दिशी. सगला सांगतला, मीठ मीच टाकत होतो म्हनून. मी बोल्लो, मंग पोरीला सांग ना. तर बोल्ला, नको. पयला अर्ज हाय तिचा. खोटा पडला तर परत कवा लिवनार नाय. तू थोडे दिवस दुसऱ्या गल्लीत जा, मंग मी बघतो." पोपट डोळे पुसत होता. "अर्जावर कोन आला पन नाय, ताई. हाफिसातून कोन फिरकला पन नाय. मी आपनच गेलो."

बाई, मग ते पेढे त्यांनी कशाचे वाटले?

दुसऱ्या दिवशी मी प्रभाग कार्यालयात गेले. माझा पहिला अर्ज तिथे एका ढिगात तसाच पडला होता, बाबांच्या कोरून काढलेल्या सहीसकट. मी दुसरा अर्ज लिहून दिला: पाणी खारट नव्हतं, तक्रार चुकीची होती, टँकरवाल्याचा दोष नाही. सहीखाली पूर्ण नाव लिहिलं. टेबलामागच्या माणसाने न वाचताच तो त्याच ढिगावर ठेवला.

उरलेलं मीठ आईने बरणीसकट खाडीत सोडलं. मला बरोबर येऊ दिलं नाही.

पोपटला मी येत जा म्हणून सांगून ठेवलं होतं. आज सकाळी त्याचा टँकर आमच्या गल्लीत परत आला. आईने हंडा भरून घेतला. माठात ओतण्याआधी तिने ओंजळीत थोडं पाणी घेतलं आणि चाखलं. मी विचारलं, "आई, कसं आहे?"

"गोड हाय," ती म्हणाली, आणि हंडा तसाच ठेवून तिथेच खाली बसली.

कल्पिता